डाळ मिलसाठी ‘ग्रीन’ सर्व्हर घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

जळगावात, धुळ्यात, भुसावळात तुमचा छोटा-मोठा धंदा आहे, टॅली चालते, वजनकाट्याच्या पावत्या निघतात, म्हणजे तुम्हाला रॅक सर्व्हर (कपाटाच्या खणात बसणारा चपटा, सतत चालू राहणारा कॉम्प्युटर) लागणारच. तोही वीज वाचवणारा. बिल आलं की ऑफिसातला पंखा आधी बंद करणारी आपली जमात. मेहुण्यांच्या डाळ मिलसाठी गेल्या आठवड्यात मी असं एक कोटेशन मागवलं आणि धन्य झालो. ते ज्ञान एकट्याने पचवणं बरं नाही, म्हणून हे मार्गदर्शन.

सर्व्हर घेताना कामाकडे पाहू नका, ऐपतीकडे पाहा. टॅलीवर पाच-सहा जण बसत असले तरी दोन प्रोसेसरचाच घ्या. “उद्या धंदा वाढला तर?” असं विक्रेता डोळे मोठे करून विचारतो, तेव्हा मान डोलवायची. धंदा वाढेपर्यंत दुसरा प्रोसेसर रिकामा बसून वीज खाईल. खाऊ द्या.

कोटेशनवर हिरवं पान छापलेलं दिसलं की पुढचं वाचू नका.

जुना मिळाला तर उत्तमच. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले बाजारात येतात. का काढले, हे विचारणं सभ्यपणाचं नाही.

आणि काही झालं तरी, रिकामा असताना तो किती वॅट ओढतो हे विचारू नका. मी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “सर, आठशे वॅटचा आहे.” म्हटलं, दादा, ती आत वीज पुरवणाऱ्या डब्याची, पॉवर सप्लायची क्षमता झाली. मशीन नुसतं चालू आहे, काम काही नाही, तेव्हा किती? “सर, प्लॅटिनम आहे.” बरं, पण वॅट? “सर, कंपनीचा माल आहे, तुम्ही टेन्शनच घेऊ नका.” मग म्हणे लेखी विचारा. लेखी विचारलं, तर व्हॉट्सॲपवर ब्रोशर आलं. तेच, हिरव्या पानाचं!

अहो विक्रेतेसाहेब, प्लॅटिनम म्हणजे काय, हे तरी माहीत आहे का? तो ‘८० प्लस’ ह्या कार्यक्षमतेच्या दाखल्यातला बिल्ला, पॉवर सप्लायला मिळतो, सर्व्हरला नाही. २०, ५० आणि १०० टक्के भारावर तपासून मिळतो. ९४ टक्के कार्यक्षमता हवी असते ती ५० टक्के भारावर. तुम्ही आम्हाला देताय ८००-८०० चे दोन सप्लाय. आमचं मशीन ओढणार धरा १६० वॅट. धराच, कारण सांगत तर कोणी नाही! तो दोघांत निम्मा-निम्मा वाटला, म्हणजे एकेका सप्लायवर भार १० टक्के. त्या बिल्ल्याची परीक्षा जिथे सुरू होते, त्याच्याही निम्म्यावर आम्ही. एक वॅट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात. १६० वॅटचे झाले १४०० युनिट. ती उष्णता खोलीबाहेर फेकायला एसी आणखी साधारण तिसरा हिस्सा खाणार. युनिटला दहा रुपये धरा: वर्षाला अठरा हजारांच्या वर, पाच वर्षांत नव्वद हजारांच्या वर. रात्री मिलला कुलूप असतं, त्या सर्व्हरवर वॉचमन बसतो का हिशेब करायला? दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो तो ह्यासाठी!

असो. पुढचा सल्ला.

बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, पॉवर प्रोफाइल ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’वरच ठेवा. टॅलीला दरारा वाटला पाहिजे.

जागा निवडताना पत्र्याखालचा माळा बघा. शेजारच्या मिलमध्ये असाच बसवलाय, जाऊन पाहिला. पाठ भिंतीला टेकलेली, काचेच्या दाराला कुलूप, किल्ली शेठच्या गल्ल्यात, आणि समोरच्या जाळीवर तुरीच्या टरफलांचा पिवळट थर, बोटाने नाव लिहावं एवढा. वायरमन छातीठोकपणे म्हणाला, “शेठ, बठ्ठं बराबर शे.” सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांची असावी, असं शास्त्र सांगतं; बरीच मशिनं ३५ पर्यंत सोसतात. आमचा मे पंचेचाळीस पाहतो. मग पावणेदोन इंच उंचीच्या त्या डब्यातले दीड इंची पंखे किंचाळायला लागतात, आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याची वीज साधारण आठपट होते. फायदा एकच. मागून येणाऱ्या झळेवर घरचे बिबडे वाळतील.

यूपीएस भारापेक्षा चौपट मोठा घ्या. त्यालाही रात्रभर स्वतःची भूक असते.

नाही, पण विक्रेतेसाहेब, लाज कशी वाटत नाही? आकडा नाही असं थोडंच आहे? एचपीईचं आयलो असो, डेलचं आयड्रॅक असो, आतल्या त्या देखरेखीच्या सोयीतून सर्व्हर स्वतः सांगतो की आत्ता मी किती वॅट घेतोय. उत्पादकांच्या साइटवर हिशेबाची साधनं फुकट पडलीत. डेमोचं मशीन घरात असताना प्लगमध्ये मीटर लावून बघायला दहा मिनिटं लागतात. तुम्हाला ते करायचं नाही, कारण एका प्रोसेसरचं, एसएसडीवालं (फिरती डिस्क नसलेलं) साधं मशीन हेच काम निम्म्याहून कमी विजेत करतं, आणि त्यात तुमचं मार्जिन निघत नाही.

मालक मंडळींनीही हसू नये. मोटार घेताना वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं विचारता, फ्रिजचे स्टार मोजता, आणि इथे एकच प्रश्न: “शेवटचा भाव सांगा.” भाव तो सांगतो. बिल पाच वर्षं तुम्ही भरता, तेव्हा तो कुठे असतो?

तेव्हा विक्रेतेसाहेब, कोटेशनात तीन ओळी लिहून द्या: रिकामा असताना किती वॅट, कामात असताना किती, ३५ अंशांच्या हवेत किती. आणि सप्लाय भाराला साजेसा. द्यायचं नसेल तर परत फोन करू नका.