गोण्या कोणी भरायच्या?

आज सकाळी वाडीच्या ग्रुपवर टँकरचा फोटो आला. पुढे हंड्यांची रांग. आणि त्याखाली आमच्या एका मुंबईकर भावाची कमेंट: "ग्रामपंचायत झोपलेय काय?" डोकंच फिरलं. म्हणून लिहितोय, कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

हे भाऊ डिसेंबरात पूजेला गावात होते. त्याच रविवारी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घालायचा होता, पाणी अडवायला गोण्यांचा कच्चा बांध. वाडीत साठ उंबरे. आलो किती? अकरा जण. त्यात शेजारच्या काकी, सत्तरी ओलांडलेल्या, हातात दाभण आणि सुतळीचा गुंडा. म्हणाल्या, "उचलाया जमायचा नाय मला, पन गोन्यांची तोंडा शिवीन." दुपारपर्यंत दगडावर बसून शिवत होत्या. भाऊ साकवाजवळ आले, हात केला, फोटो काढला आणि गेले.

शिमग्याला पालखीला खांदा द्यायला याच वाडीत मानापानावरून भांडणं होतात. क्रिकेटच्या स्पर्धेला मांडव, लाइट, चषक, सगळं वर्गणीतून. पऱ्यात उतरायचं म्हटलं की सगळ्यांची कंबर धरते.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो हो! पण डोंगर उभा, खाली जांभा, समोर समुद्र. अडवलं नाही तर पाणी थांबेल कशाला? सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात तिथलीच वाळू-माती. गच्च मात्र भरायच्या नाहीत, नाहीतर एकीवर एक नीट बसत नाहीत आणि फटीतून पाणी पळतं. हे मलाही काकींनीच सांगितलं.

बरं, उन्हाने गोण्या वर्षात विरतात, पक्का बंधारा सरकारनेच बांधायला हवा, हे मान्य. मग मागा ना! चिपळूणकरांनी मागितलंच. २२ जुलै २०२१ ला शहर बुडालं, आणि त्याच डिसेंबरात वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून लोक साखळी उपोषणाला बसले. तेव्हा कुठे यंत्रणा हलली. ग्रुपवर अंगठे दाखवून गाळ निघत नाही.

आता खरं सांगतो. या डिसेंबराआधीची दोन वर्षं बंधाऱ्याला मीही गेलो नव्हतो. "सुट्टी नाही" म्हणून डोंबिवलीत झोपलो होतो. या डिसेंबरात गेलो तरी पंचवीस गोण्यांतच दम निघाला. अकरा माणसांत बंधारा गुडघ्यापर्यंतच आला, कंबरेएवढा घालायचा होता. माणसं असती तर एप्रिलपर्यंत विहिरीला थोडा तरी पाझर राहिला असता. पऱ्या फेब्रुवारीतच आटला.

मघाशी तो फोटो मोठा करून पाहिला. रांगेत तिसऱ्या त्याच काकी. कंबरेवर हंडा, डोक्यावर पदर, टँकरच्या पाइपकडे बघतायत.

भाऊ, यंदा दिवाळीनंतर गोण्या मी आणतो, सुतळीही आणतो. तुम्ही फावडं घेऊन या. यायचं नसेल तर ती कमेंट तेवढी डिलीट करा.