ट्रॅकचं इंजिन आणि मे महिन्यातला जालना रोड: फिरत असलेल्या एका रेसिपीला उत्तर

मराठवाड्यातल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ट्रॅकवरून उतरलेलं 1.3 लिटरचं मारुतीचं इंजिन आणायचं, म्हणजे एस्टीम आणि जिप्सीत असायचं त्याच घराण्यातलं. नव्या रिंगा टाकायच्या, हेड (सिलिंडरवरचं झाकण) एक मिलिमीटर घासून कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) 12 करायचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) एक मिलिमीटरने वाढवायचा. रेसचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तसाच ठेवायचा, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायचा, फिल्टरऐवजी उघडे ट्रम्पेट (हवा ओढणारे कर्ण्यासारखे पाइप) लावायचे आणि जाड ऑइल भरायचं. मग म्हणे रोडवरची स्पोर्ट्स कार दीडशे घोड्यांची होते आणि लाखभर किलोमीटर बॉनेट उघडावं लागत नाही.

लिहिणाऱ्याने इंजिन खोललेलं दिसतंय, मोजलेलं मात्र दिसत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला दावा, रेसचं इंजिन मुळातच मजबूत असतं, रिंगा टाकल्या की झालं. मजबूत असतं हे खरं, पण त्याचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत, तासांत मोजतात. या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 75.5 मिलिमीटर आहे. 6,500 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 16.4 मीटर पडतो, 8,500 ला तो 21.4 वर जातो. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे हाच फरक ताणात 71 टक्के होतो. असे काही सीझन काढलेला बोल्ट दिसायला नव्यासारखाच असतो, आणि तुटतो तेव्हा ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर येतो. म्हणून रॉडचे बोल्ट नवेच घ्या, जुने कितीही चांगले दिसोत. क्रँक आणि रॉड मॅग्नाफ्लक्सखाली (चुंबकाने बारीक तडे दाखवणारी तपासणी) तपासून घ्या. हेड आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचे, त्यांना मॅग्नाफ्लक्स चालत नाही, तिथे डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) लागतं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवायच्या उंचीला दाबून त्यांचा जोर मोजा. ठरलेल्यापेक्षा 10 टक्के कमी भरला तर अख्खा सेट बदला, एकटी-दुकटी स्प्रिंग बदलून भागत नाही.

आता हेड. सगळ्यात जास्त इंजिनं या एका ओळीने जातील, म्हणून इथे हिशोब मांडतो.

बोअर 74, स्ट्रोक 75.5, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान 324.7 सीसी. कॉम्प्रेशन 9 असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा 40.6 सीसी. हेडमधला चेंबर (पेट्रोल जळायची पोकळी) पूर्ण बोअरएवढा रुंद नसतो, त्यामुळे एक मिलिमीटर घासल्यावर साधारण साडेतीन सीसी जाते. उरते 37.1. कॉम्प्रेशन झालं 9.75. बारा कुठून आलं? बारासाठी उरलेली जागा 29.5 सीसी हवी, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर हेड घासावं लागेल, आणि तेवढ्यात बहुतेक ते हेडच वापरण्यासारखं राहणार नाही.

बारा हा आकडा बहुधा हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग विसरल्यामुळे येतो. दाबल्यावर 1.2 मिलिमीटर राहणारं आणि 75.5 व्यासाचं हेड पॅकिंग एकटंच 5.4 सीसी जागा धरतं. खरं कॉम्प्रेशन 10 असताना हे 5.4 हिशोबात धरले नाहीत तर कागदावर 11.6 दिसतं. पुढे गप्पांत त्याचं बारा व्हायला वेळ लागत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. हेड उलटं करून सपाट ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले असू द्या. चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या आणि त्यावर मधोमध भोक पाडलेली जाड ॲक्रिलिकची पट्टी दाबून बसवा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला ब्युरेट घ्या, रॉकेल किंवा पातळ ऑइल भरा आणि थेंबथेंब सोडा. पट्टीखालचा शेवटचा बुडबुडा निघाला की आकडा वाचा. चारही चेंबर मोजा. त्यांच्यात अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो काढा, मगच घासायचा विचार करा. पॅकिंग, पिस्टनच्या माथ्यावरचा खड्डा आणि पिस्टन डेकपासून (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापासून) किती खाली थांबतो, हे तिन्ही त्यात मिळवायचं.

घासण्याचा आणखी एक परिणाम मेसेजमध्ये नाहीच. हेड एक मिलिमीटर खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि व्हॉल्व्ह उघडण्याचं टायमिंग मागे पडतं. कॅमची पुली 100 मिलिमीटर व्यासाची धरली तर कॅमवर एक अंशापेक्षा थोडं जास्त, म्हणजे क्रँकवर दोन अंशांहून अधिक. ॲडजस्टेबल पुली लावल्याशिवाय ते परत जागेवर येत नाही. शिवाय व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची चकती ठेवा, जुनं पॅकिंग टाकून हेड कसा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढून माती कापून मोजा. इनटेकला 2 आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर तसं बांधू नका.

बरं, केलं कसंबसं बारा, पेट्रोल कुठलं घालणार? पंपावरचं नेहमीचं पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं ई-20 आहे, त्याचं ऑक्टेन 95 धरलं जातं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, पण परभणी-हिंगोलीच्या वाटेवर प्रत्येक पंपावर मिळेल या भरवशावर इंजिन बांधता येत नाही. त्यावर मेसेजचा उपाय आहे डांबराच्या गोळ्या टाकीत टाकायचा. या गोळ्या नॅप्थलिनच्या. तिचं ऑक्टेन चांगल्या पेट्रोलपेक्षा वरचं नाही, आणि पेट्रोल उडून गेलं की तिचे खडे जेटच्या आणि इंजेक्टरच्या तोंडाशी साचतात. कपाटातल्या झुरळांसाठी ठेवा.

मे महिन्यात 43 अंशांत, बॉनेटखालची 60-65 अंशांची हवा ओढणारं, 12 कॉम्प्रेशनचं इंजिन चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबलं की नॉकिंग (पेट्रोल आपोआप स्फोटासारखं पेटणं) होणारच. आवाज सायलेन्सरच्या गोंगाटात ऐकू येत नाही. प्लग काढून चिनी मातीवर बघा: मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे चांदीसारखे कण दिसले, तर ते कण पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्यानंतर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली भिंत तुटते. रोडसाठी, इथल्या उन्हात, 10 च्या आसपास थांबा, पिस्टन आणि हेडच्या सपाट भागात एक मिलिमीटरच्या आतबाहेर अंतर ठेवा, आणि ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) आत येणारी हवा 50 अंशांच्या वर गेली की इग्निशन दोन-तीन अंश मागे घ्या.

बोअरचा मुद्दा लवकर आटोपतो. 74 चा 75 केला तर 1,299 सीसीचे 1,334 होतात, पावणेतीन टक्के. दात कोरून पोट भरण्यातला प्रकार. कंपनीच्या रिपेअर साइज 0.25 आणि 0.50 मिलिमीटर आहेत. ॲल्युमिनियम ब्लॉकमधला ओतीव लायनर मुळात पातळ, तो आणखी पातळ केला की गरम झाल्यावर गोल राहत नाही आणि ऑइल खाऊ लागतो. बोअर झिजला असेल तरच वाढवा, आणि पहिल्या साइजवर भागतंय का ते बघा.

त्यापेक्षा होनिंगवर (बोअर आतून दगडाने घासून घेण्यावर) पैसे घाला. बोअर आरशासारखा गुळगुळीत हवा ही समजूत अजून गेलेली नाही. त्याला साधारण 45 अंशांच्या तिरक्या रेघा हव्यात, त्यात ऑइल टिकतं. ब्लॉकवर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी लावायची जाड प्लेट) कसून होनिंग करून घ्या, कारण हेडचे बोल्ट आवळले की ॲल्युमिनियमचा ब्लॉक वाकतो आणि मोकळा असताना गोल असलेला बोअर लांबट होतो. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एवढी मशीन आहेत की जाड प्लेट बनवून घेणं काही अवघड नाही, फक्त बोरिंगवाल्याला आधी सांगावं लागतं.

पिस्टनबद्दल मेसेज गप्प आहे, आणि तिथेच घोडं पेंड खातं. रेसमध्ये सहसा 2618 मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन असतात. त्यात सिलिकॉन नगण्य, म्हणून ते जास्त फुगतात आणि त्यांना मोकळीकही जास्त लागते. कंपनीच्या पिस्टनला तीन-चार शतांश मिलिमीटर पुरतं, यांना सात ते नऊ शतांश. रोज सकाळी थंड इंजिनात ते बोअरवर आपटतात आणि स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) घासतात. रोडच्या गाडीला 4032 मिश्रधातूचे घ्या, त्यात सिलिकॉन 11 ते 13 टक्के असतं, मोकळीक कमी चालते. वरच्या रिंगेचं तोंड (टोकांमधली फट) 74 च्या बोअरला 0.30 मिलिमीटर ठेवा, दुसरीचं 0.35. रिंग बोअरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून फीलर गेजने मोजा. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, मोजा.

रेसचा कॅम. तो वर 6,000 नंतर जिवंत होतो, आणि छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाच्या सिग्नलवर तुम्ही 900 वर उभे असता. व्हॉल्व्ह एकमेकांवर जास्त वेळ उघडे राहिले की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो. ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं, ते यामुळे. या इंजिनाचा ईसीयू मॅनिफोल्डचा दाब वाचून पेट्रोल ठरवतो, तो दाबच थरथरायला लागला की आयडलिंग कधीच बसत नाही. मध्यम कॅम घ्या, टॉर्क 3,000 ते 6,500 मध्ये मिळेल असा. आणि ट्यूनिंग वाइडबँड लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावूनच करा: पूर्ण थ्रॉटलला 0.87 च्या आसपास, क्रूझिंगला 1.0, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते तेवढीच हवा. लॅम्ब्डाच वाचा. ई-20 ला हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 नसून 13.5 च्या आसपास असतं, त्यामुळे 14.7 धरून केलेलं जुनं मॅप आता कोरडं चालतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहतं, हे तर आपल्याकडे गॅरेजागणिक ऐकायला मिळतं, मेसेजवाल्याचं एकट्याचं नाही. थर्मोस्टॅट 82 किंवा 88 अंशांना उघडतो. 110 अंशांवर गेलेल्या इंजिनात तो आधीच पूर्ण उघडा असतो, काढून फारसं काहीच मिळत नाही. उलट ज्यांत थर्मोस्टॅटचा खालचा भाग बायपास बंद करतो, तिथे तो काढल्यावर बायपास कायमचा उघडा राहतो आणि पाण्याचा एक वाटा रेडिएटरला न जाताच परत इंजिनात येतो. म्हणजे उन्हाळ्यात गाडी जास्त तापते. डिसेंबरच्या सकाळी उलटं: इंजिन 60 वरच रेंगाळतं, ईसीयू गाडी थंड समजून जादा पेट्रोल ओततो, ते बोअरवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि रिंगा झिजतात.

गाडी तापतेय तर बाकीचं बघा. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घातलेलं असतं, आतून पांढरा क्षार चढलेला. कॅपचं रबर गेलेलं असतं. 0.9 बारची कॅप धड असेल तर साधं पाणीही 118 अंशांपर्यंत उकळत नाही. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं ट्रॅकवर वजन वाचवायला काढलेलं असतं, ते परत बसवा, सिग्नलवर उभं असताना त्याच्याशिवाय पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. कूलंट 30 टक्के आणि डिस्टिल्ड पाणी 70 टक्के पुरे. बर्फ गोठायची भीती असलेल्या मुलखासाठी पन्नास-पन्नास ठीक, पण उष्णता पाणीच जास्त वाहून नेतं.

उघडे ट्रम्पेट दिसायला देखणे. पण काळ्या मातीच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीमागून जाताना, प्रत्येक श्वासासोबत बारीक वाळू आत जाणार आणि ताज्या होनिंगच्या रेघा काही हजार किलोमीटरांत पुसून टाकणार. बंद एअरबॉक्स करा, त्याचं तोंड ग्रिलपाशी न्या.

जाड ऑइलबद्दल एवढंच, की ऑइल बेरिंगच्या मोकळिकीवरून ठरतं. 45 मिलिमीटरच्या जर्नलला (बेरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग) 0.045 मिलिमीटर मोकळीक असेल तर 10डब्ल्यू-40 भागतं. प्लास्टिगेजची तार (दबून मोकळीक दाखवणारी प्लास्टिकची तार) ठेवून मोजा, मग ऑइल घ्या. निव्वळ रेससाठीच्या ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी द्रव्यं कमी असतात, कारण ते दर शर्यतीनंतर काढतात. हजारो किलोमीटर ठेवायला ते बनलेलंच नाही.

दीडशे घोडे? एस्टीमच्या 16 व्हॉल्व्हच्या इंजिनाला कंपनीतून 85 होते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, तिथे हवेचा दाब सहा-साडेसहा टक्के कमी. 25 ऐवजी 43 अंशांना हवा आणखी सहा टक्के विरळ. म्हणजे डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर हवेच्या दाब-तापमानाच्या दुरुस्तीचा गुणक लावून आलेल्या आकड्यातले आठवा हिस्सा घोडे मे महिन्यात रस्त्यावर नसतातच.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मंजुरीशिवाय इंजिन बदलता येत नाही, आणि कलम 182अ खाली मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर अपघातानंतर विमा कंपनीशी भांडायला तोंड राहत नाही. हे काम इंजिन विकत घेण्याआधीचं आहे.

राहिलं रनिंग-इन. पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नका, असं मेसेज सांगतो. रिंगा बसतात त्या दाबाने, आणि दाब येतो लोडने. सुरू केल्यावर आयडलिंगवर घोटाळत ठेवू नका. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलने वेग वाढवा, मग पाय काढून इंजिन ब्रेकवर खाली येऊ द्या, असं पंचवीस-तीस वेळा, 4,500 च्या वर न जाता. सोलापूर-धुळे महामार्गावर पहाटे मोकळा तुकडा मिळतो. मग गरम असतानाच ऑइल काढा, फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या फडक्यावर पिळा. राखाडी चिकचिक अपेक्षित आहे, ती रिंगांची. लोहचुंबकाला न चिकटणारे तांबूस कण दिसले तर बेरिंगचा वरचा थर गेलाय, गाडी जिथे आहे तिथेच ठेवा आणि सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोला.