बाबेलच्या मालाची यादी

व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ परत फिरतोय. 'प्रकटीकरणातली बाबेल म्हणजे नेमकं कोणतं शहर?' प्रकटीकरण म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, आणि बाबेल हे त्यात जळून जाणारं पापी शहर. कुणी न्यूयॉर्क म्हणतं, कुणी दुबई. ज्याला जे खुपतं ते. शेअर बाजार गडगडला की दुसऱ्या दिवशी हजरच. पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, आधी त्या पुस्तकाचा 18वा अध्याय सावकाश वाचा. तिथं भविष्य थोडं आणि खतावणी जास्त आहे.

हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाची बाबेल म्हणजे त्याच्या काळातलं रोम. रोम सात टेकड्यांवर वसलेलं, आणि सात डोंगरांची खूण त्यानंच देऊन ठेवलीय. ते जळताना तिघं रडतात: राजे, व्यापारी आणि खलाशी. 'एका घटकेत' सगळं गेलं, हे तिघंही म्हणतात. पण व्यापाऱ्यांचं रडणं ऐकण्यासारखं आहे. शहर गेलं, माणसं गेली, याचं त्यांना काही नाही. आता आपला माल घेणार कोण, ही चिंता! आणि मग योहान त्या मालाची यादीच देतो, 28 जिनसांची. सोनं, चांदी, रत्नं, मोती. जांभळं कापड, रेशीम. हस्तिदंत, संगमरवर. दालचिनी, धूप, तेल, मैदा, गहू. गुरं, मेंढरं, घोडे, रथ. आणि सगळ्यात शेवटी, रथांच्याही खाली, माणसं.

मूळ ग्रीकमध्ये तिथं 'शरीरं' असा शब्द आहे. गुलामांच्या बाजारातला तो रोजचाच शब्द. योहान त्याला पुढं जोडतो: 'आणि माणसांचे जीव'. मला तर वाटतं, अख्ख्या अध्यायातला आरोप या एका जोडणीत आहे. दालचिनी खाल्ली म्हणून कुणी जळत नाही.

ही यादी आपल्याला परकीही नाही बरं का. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात सोपारा आणि कल्याण ही बंदरं नावानिशी आहेत. हिंदुस्थान दरवर्षी आपले 5 कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, अशी कुरकुर थोरला प्लिनी या रोमन लेखकानं योहानाच्या थोडंच आधी केली होती. रोमच्या त्या थाटात आपल्या किनाऱ्यावरून गेलेला मालही होता.

आता घरचं सांगतो. आमचा तालुका उसाचा. वडिलांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून हंगामात ऊसतोडीच्या एका मुकादमाची वही तेच लिहायचे. लहानपणी मी शेजारी बसून शाईचा पॅड धरायचो, अंगठे उठवायला. पानावर वरून खाली: बैलगाड्या इतक्या, बैल इतके, पेंढी इतकी, आणि शेवटी 'कोयते 22'. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर मिळते, माणसावर नाही. एका ओळीत 'अर्धा कोयता' लिहिलेलं होतं. अर्धा कोयता कसा असतो, असं विचारल्यावर वडिलांनी मान वर न करता सांगितलं, 'तिचा नवरा गेला गं गेल्या साली,' तेही आईला. मला उत्तर दिलंच नाही. ती बाई समोर उभी होती. अंगठा लावून झाल्यावर तिनं तो पदराला पुसला, निळा डाग तसाच राहिला.

वडील भला माणूस. रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना चुकवायचे नाहीत. मुकादमही काही राक्षस नव्हता. वहीचा क्रमच तसा ठरलेला होता, एवढंच.

दोन वर्षांतून एकदा, आगमनकाळ (नाताळाच्या तयारीचे आठवडे) सुरू होण्याआधीच्या गुरुवारी चर्चमधल्या मिस्सेत हा अध्याय वाचला जातो. देवदूत जात्याच्या तळीएवढा धोंडा समुद्रात फेकतो, ते वाचतात. पण 3 ते 20 ओव्या वाचनात नाहीतच, त्यामुळं मालाची यादी कुणाच्या कानावर पडत नाही. मागच्या खेपेला मी फादरांना म्हटलं, यंदा मधलंही वाचू या की. ते हसले. म्हणाले, 'अहो, कारखाना चालू झालाय. लोकांना घाई असते.'