आता कोणी ब्लँकेट आणलं ना, तर मी खरंच ओरडणार आहे

काल रात्री नाशिकच्या गोदाघाटावर उघड्यावर झोपणाऱ्या आमच्या एका आजीला चौथं ब्लँकेट मिळालं. एकाच रात्रीत चौथं! साडेअकराला दोन गाड्या आल्या घाटावर, आठ-दहा जण, सगळ्यांच्या अंगात नाव छापलेली जॅकेटं, एकाच्या हातात रिंगलाइट, आणि झोपलेल्या म्हातारीला खांद्याला हलवून उठवलं, "आजी, ओ आजी, इकडे बघा, कॅमेऱ्यात, हां, हात जोडा". आजी उठली, डोक्यावरचा पदर नीट केला (फोटो म्हटलं की पदर नीट करायचाच, जुनी सवय), मग चार जणांनी त्या ब्लँकेटची चार टोकं धरली जसा काय मोठा चेक देतायत बँकेचा, फ्लॅश पडला, आणि आजी काय म्हणाली माहितीये का? "झालं का रे बाळा? निजू का आता?"

मी बाजूलाच चहाची किटली घेऊन उभा होतो. मान खाली घालून उभा राहिलो, काय बोलणार.

पाच हिवाळे झाले, नाशकात गंगेवर बेघर म्हाताऱ्यांसाठी रात्री फिरतोय आम्ही. रामकुंड, गाडगे महाराज पूल, तिथून पुढे सीबीएस, म्हणजे मुख्य बस स्टँड. बाहेरच्यांनी नीट ऐका, आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिच्या काठावर डिसेंबरात जो गारठा असतो तो पेपरात "निफाडचा पारा घसरला" वाचून कळत नाही. घाट दगडाचा आहे. रात्रभर तो दगड खालून अंगातली ऊब ओढून घेतो, त्यामुळे वरून तीन ब्लँकेटं टाका नायतर तेरा, खाली काही नसेल तर म्हातारं माणूस कुडकुडतच राहणार. हे मी दरवर्षी बोंबलून सांगतो की बाबांनो सतरंजी आणा, पोती आणा, जुनी योगा मॅट आणा, फ्रिजचा खोका फाडून आणला तरी चालेल, वरून दव पडतं त्याला एक प्लॅस्टिकचा कागद आणा. कोण आणतं? कोणी नाय. कारण खोक्याचा फोटो चांगला येत नाय.

आणि ती ब्लँकेटं तरी कसली. पानिपतला जुन्या चिंध्या पिंजून जो धागा करतात ना त्याची, घाऊक घेतली की शंभर-सव्वाशेला पडतात, एकदा दवात भिजलं की वास मारतं आणि दोन दिवस वाळत नाय. बरं, ठेवायचं कुठे? हा प्रश्न मी आजवर एकाही दात्याच्या तोंडून ऐकला नाय. तुमच्याकडे कपाट आहे राव, तिच्याकडे एक बोचकं आहे. सकाळी सहाला झाडलोट सुरू होते, आजी तोंड धुवायला किंवा वाडग्यात चहा आणायला गेली की मागे पडलेलं सगळं कचरा म्हणून घंटागाडीत. त्या झाडणाऱ्या मावशीचा काय दोष, तिला मुकादमाने सांगितलंय जागा मोकळी पाहिजे. म्हणजे रात्री साडेअकराला दिलेलं ब्लँकेट सकाळी साडेसहाला कचऱ्यात, आणि तुमचा फोटो मात्र वर्षभर स्टेटसला.

त्यातून अजून एक गंमत. १५ डिसेंबर ते ३१ डिसेंबर घाटावर नुसती रांग लागते दात्यांची, कोणाचा वाढदिवस, कोणाच्या साहेबांचा वाढदिवस, २० तारखेला तर गाडगेबाबांची पुण्यतिथी, मग काय विचारता, बाबांच्या नावाच्या पुलाखाली फ्लेक्स घेऊन येतात, ज्या माणसाने अख्खं आयुष्य अंगावर चिंध्या घालून धर्मशाळा बांधण्यात घालवलं त्याच्या फोटोपेक्षा स्वतःचा फोटो चौपट मोठा. बाबांच्या दशसूत्रीत, म्हणजे त्यांच्या दहा कलमी संदेशात, "बेघरांना आसरा" आहे, तो मुद्दा फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात. आणि थर्टीफर्स्ट झाली की सगळे गायब! जानेवारीत कडाका वाढतो तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ९३ मेंबर असतात आणि घाटावर चार. ९३ मधले साठ जण फक्त हात जोडल्याचं चिन्ह टाकतात. "ग्रेट काम दादा." अरे ग्रेट नको म्हणू, ये ना.

गेल्या जानेवारीत एक आजोबा सापडले, पुलाखाली, भिंतीला टेकून काहीतरी असंबद्ध बडबडत होते. येणारे-जाणारे म्हणत होते पिऊन पडलाय. मीही पहिल्या वर्षी तेच म्हणालो असतो, खोटं कशाला बोलू. पण म्हातारं माणूस जेव्हा कुडकुडायचं थांबतं आणि जीभ जड होते तेव्हा ते बरं झालेलं नसतं, शरीर हरलेलं असतं. ओला सदरा काढला, कोरडं गुंडाळलं, कानाला मफलर बांधला, रिक्षात घालून दवाखान्यात. तिथे पहिला प्रश्न, "सोबत नातेवाईक कोण?" मी म्हटलं मी. "नातं?" आता काय सांगू. फॉर्मवर नातू लिहिलं. आधार कार्ड? नाय. पत्ता? अहो पत्ता असता तर इथे कशाला आणलं असतं. पावणेदोन तास त्या बाकड्यावर. वाचले आजोबा, पण त्या दिवशी ९३ पैकी एक जरी माणूस सोबत असता ना तर मला रिक्षावाल्याच्या हातापाया पडावं लागलं नसतं.

बेघरांच्या निवारा केंद्रात नेलं तर तीच कथा. आधी पुरावा आणा, मग "वयस्कर आहेत, खोकला आहे, इथे सांभाळायला माणूस नाय". म्हणजे तरणाताठा, कागदपत्रं असलेला बेघर पाहिजे यांना!

आणि नियम नाहीत असं नाय हां. २००९ च्या डिसेंबरात दिल्लीत भर थंडीत बेघरांचा तात्पुरता निवारा पाडला, त्यावरून सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सरकारला झापलं, मग २०१३ मध्ये केंद्राची योजना आली, तिच्यात एक लाख लोकसंख्येमागे १०० माणसांचा एक कायमचा निवारा, माणशी ५० चौरस फूट. नाशिकची लोकसंख्या २०११ च्याच जनगणनेत १४ लाख ८६ हजार होती, गुणाकार तुम्हीच करा आणि आपापल्या शहरातले निवारे बोटावर मोजा. श्रावणबाळ योजना आहे, ६५ च्या वरच्या निराधारांना महिना दीड हजार मिळतात, पण त्याला उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वयाचा दाखला. आमच्या आजीला विचारलं वय किती, तर म्हणाली मोठा दुष्काळ पडला तेव्हा पोरगं कडेवर होतं. घ्या, बसवा आता ७२ सालावरून हिशोब! तहसीलला चार चकरा मारल्या मी सुट्टी टाकून, अजून एक कागद राहिलाच आहे. त्या चकरांना सोबत ये म्हटलं की सगळ्यांना ऑफिस असतं. मला काय ऑफिस नाय?

ब्लँकेट देणारे वाईट आहेत असं नाय म्हणत मी, त्या पोरांमध्ये एकदोन खरंच कळवळ्याने आलेले असतात, दिसतं ते. पण एकदा विचारा ना त्या म्हातारीला काय हवंय. मी विचारलं होतं. पायमोजे म्हणाली. आणि रात्री उघडा राहील असा संडास, कारण तो दहाला बंद होतो म्हणून ती संध्याकाळपासून पाणीच पीत नाय.

हे टाइप करतानाच ग्रुपवर मेसेज पडलाय, "दादा शनिवारी ५० ब्लँकेट घेऊन येतोय, आजी-आजोबा कुठे भेटतील? लाइट असलेली जागा सांगा." मी लिहिलं, ब्लँकेट नको, ५० जोड पायमोजे आण, सतरंज्या आण आणि सोमवारी अकरा वाजता तहसीलला ये.

निळ्या टिका आल्यात. अर्धा तास झाला.