सागाच्या करारावर सही करण्याआधी

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात झाडं लावायला जमीन मागणाऱ्याची पहिली नजर वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, जाते. "पडीकच आहे, वीस वर्षं द्या, घरबसल्या पैसे." पण त्या माळावर एक वर्ष नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी होते आणि मग काही वर्षं जमिनीला विसावा मिळतो. विसाव्यातल्या माळावर पाड्याची गुरं चरतात. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं टाकायची जागा भाजायला, गवत, पालापाचोळा, सरपणाला काटक्या तिथूनच येतात. सातबारा एकाचा, आधार सगळ्या पाड्याचा.

तारेचं कुंपण पडलं की पहिला फटका भूमिहीनाला बसतो. त्याच्या शेळ्यांना जागा उरत नाही आणि त्याची सही कोणी मागितलेलीच नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासींच्या जमिनी खासगी कंपन्यांना भाड्याने देता येतील, एकरी वर्षाला किमान ५० हजार मिळतील, अशी घोषणा झाली. ते भाडं मालकाच्या खात्यात जाईल. चराई गेलेल्याचं काय, हे मला कोणी सांगावं.

आता मालकाचा हिशेब बघा. दोन बाय दोन मीटरवर साग लावला तर एकरी साधारण हजार रोपं बसतात. दलाल हजार गुणिले एका झाडाची किंमत असा आकडा दाखवतो. प्रत्यक्षात विरळणीत निम्म्याहून जास्त झाडं काढावी लागतात. नाही काढली तर सगळीच काठीसारखी राहतात. २४ इंच घेराचा, १० फूट लांबीचा ओंडका घ्या. लाकूड मोजायच्या रूढ रीतीत घेराचा चौथा भाग धरतात, तो ६ इंच, म्हणजे अर्धा फूट. अर्धा गुणिले अर्धा गुणिले दहा, अडीच घनफूट. त्यातही साल आणि पांढरं लाकूड आलं. भाव गाभ्याला असतो आणि कोवळ्या सागात गाभा थोडा. नव्वदच्या दशकात सागाच्या नावावर शहरातल्या लोकांचे पैसे असेच बुडाले. सेबीला, म्हणजे गुंतवणूक बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणुकीसाठी नियम करावे लागले.

कायद्याचं म्हणाल तर, आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे द्यायला महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वनहक्काचा पट्टा, म्हणजे वनहक्क कायद्याखाली कसायला मिळालेली वनजमीन, वारसाकडे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसं ज्या पट्ट्यांसाठी चालत गेली, ते एका कुलमुखत्यारपत्रावर दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नका. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. स्टॅम्पपेपरवरची नोटरी त्याला पर्याय नाही.

माझं स्पष्ट मत आहे की ताबा द्यायचाच नाही. झाडं लावायची तर बांधावर लावा, मधल्या पट्ट्यात नागली चालू ठेवा आणि गुंतवणूकदाराशी फक्त लाकडातल्या वाट्याचा करार करा. त्यातही आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो, तो आधी वनविभागात विचारून घ्या.

एवढं सांगूनही जमीन द्यायचीच ठरली, तर मुदत संपल्यावर खुंट कोणी काढायचे ते करारात लिहून घ्या. साग तोडला तरी खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात, आणि जेसीबी लावून रान मोकळं करायचा खर्च एरवी मालकाच्याच गळ्यात पडतो. गुरांची वाट, पाणवठा आणि ओहोळ कुंपणाबाहेर ठेवल्याचं चतुःसीमेसकट नमूद करा. जुनी वहिवाट अडवलीच, तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. तडजोडीच्या बैठका चालू असल्या तरी तारीख मोजत राहा.