वीस अक्षरं तरी लिहा की ओ

जुलै लागला की सांगलीत माणूस भेटल्यावर "जेवलास का" विचारत नाही, "आयर्विनला किती?" विचारतो. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. तिथं पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका, एवढं इथल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ चा पूर पाहिल्यापासून तर कुणी त्याची चेष्टा करत नाही.

अडचण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपची. कोयनेचा विसर्ग, नातवाचा केक, हळदीचा भाव आणि पाण्याची पातळी, सगळं एकाच नळातून. एकदा भर उन्हात "५० फूट, सावध राहा" असा मेसेज आला. अण्णांनी चार पोरं बोलावून फ्रीज माडीवर चढवला. मेसेज २०२१ चा निघाला. फ्रीज खाली आणायला मात्र एकही पोरगं सापडलं नाही.

मग ठरलं, आपला स्वतःचा चर्चागट हवा. विषय वेगळे, तारीख ठळक. आणि घरात दोन कॉम्प्युटर असल्यामुळं काम माझ्याकडं.

ही युक्ती जुनीच. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना युजनेट नावाचं चर्चेचं जाळं सुचलं. त्यात मुख्य सर्व्हर असा नव्हताच. एक मशीन दुसऱ्याला फोन लावायचं, निरोप द्यायचं, ते तिसऱ्याला. आमच्या काकूंचं अख्खं जाळं असंच चालतं, फक्त त्या निरोपात भर घालतात. पुढं चर्चागट चालवायची सॉफ्टवेअरं निघाली: २००० साली पीएचपीबीबी, २०१३ मध्ये डिस्कोर्स. दोन्ही फुकट. त्यांतलं डिस्कोर्स घेतलं.

सॉफ्टवेअर फुकट, पण सर्व्हर भाड्यानं. वर्गणीला निघालो तर पहिल्याच घरी प्रश्न, "पावती कुणाच्या नावानं? आणि मूर्ती कुठं बसवणार?"

सर्व्हर चालू करणं तसं सोपं. खरं दुखणं ईमेलचं. नवीन माणूस आला की त्याला खात्रीची मेल जावी लागते. पण स्पॅमच्या भीतीनं भाड्याच्या सर्व्हरवर पंचवीस नंबरचं पोर्ट, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, बहुतेक वेळा बंदच असतं. मग मेल पाठवायला वेगळी सोय करा, एसपीएफ लावा, डीकेआयएम लावा, ही मेलची ओळखपत्रं, म्हणजे आपण चोर नाही हे जगाला पटतं. एवढं करून मेल गेली, तर तात्यांचा ईमेल मोबाईलच्या दुकानदारानं काढून दिलेला. पासवर्ड त्याच्याकडं आणि तो पुण्याला.

अखेर तात्या आत आले. बघतात तर सॉफ्टवेअरमध्ये विश्वासाच्या पायऱ्या, शून्य ते चार. नवा माणूस शून्यावर. एका वेळी एकच फोटो.

"मी सांगलीत जन्मलोय. आणि हे मला नवीन म्हणतंय व्हय रे?"

तेवढ्यात पाणी चढू लागलं. अण्णांनी लिहिलं, "३९". सॉफ्टवेअरनं नाकारलं: किमान वीस अक्षरं हवीत. "३९ फूट." नाही. काकूंनी "पाणी किती?" असा नवा विषय काढला, तर शीर्षकाला पंधरा अक्षरं हवीत म्हणे. त्यांनी "आयर्विनला पाणी किती" घातलं, तर ते शेजारच्या वहिनींनी आधीच वापरलेलं. नदी कुणासाठी थांबत नाही, आणि इकडं अख्खी गल्ली अक्षरं मोजत बसलेली. शेवटी अण्णांचं उत्तर उमटलं: "३९ आहे की ओ, किती येळा सांगू, जेवतोय."

ही अट सेटिंगमध्ये जाऊन एका मिनिटात काढता येते. मी काढली नाही. कारण वीस अक्षरं भरायची म्हणून लोक नाइलाजानं खरी माहिती लिहू लागले. "मारुती चौकात अजून नाही, सकाळी सात." "गावभागात दुकानं उघडी आहेत, भडंग मिळतंय." व्हॉट्सॲपवर हेच "ओके" आणि हात जोडलेल्या चित्रांत वाहून गेलं असतं. शिवाय ॲडमिनला शिव्या द्यायच्या तरी वीस अक्षरं लागतात. बरेच जण तिथंच दमतात.

तात्यांचं म्हणाल तर ते रोज वाचत होते, रागानं का होईना. पाच विषय उघडले, तीस नोंदी वाचल्या, दहा मिनिटं घालवली की सॉफ्टवेअर माणसाला पहिल्या पायरीवर घेतं. परवा रात्री त्यांचा फोन.

"बढती झाली माझी. वाचनालयात सांगून आलो. याचा छापील कागद कुठं मिळतो?"