दादा म्हणजे ताई

मी डोंबिवलीचा. गेली सव्वीस वर्षं रोज सकाळी अनोळखी माणसांशी माझं एकच बोलणं होतं. मी विचारतो, "कुठे उतरणार?" समोरचा म्हणतो, "ठाणे." ठाण्याला तो उठतो, मी बसतो. ना नमस्कार, ना चमत्कार. यात काही उद्धटपणा आहे, असं मला झांझिबारला जाईपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

झांझिबारला जायचं कारण माझा मावसभाऊ. तो टांझानियात दार-ए-सलामला नोकरीला आहे. "ये रे एकदा" असं तो सहा वर्षं म्हणत होता, आणि मी खरोखर जाऊन उभा राहिलो तेव्हा नेमकं त्याचं ऑडिट लागलं. मग तिसऱ्या दिवशी त्याने मला फेरीबोटीत घातलं, झांझिबारच्या जुन्या शहरातल्या, म्हणजे स्टोन टाउनमधल्या, ओळखीच्या एका आजींकडे माझी खोली ठरवली आणि धक्क्यावर शेवटचा उपदेश केला, "भाषेचं टेन्शन घेऊ नको. स्वाहिली म्हणजे अर्धी आपलीच आहे."

हे वाक्य मला पुढे आठ दिवस नडलं.

आता, ते खोटं होतं असं नाही. चहा तिथे 'चाय', चपाती 'चपाती', पैसा 'पेसा', बर्फ 'बराफू', रंग 'रांगी', दुकान 'दुका', हिशेब 'हेसाबू'. पेरूला तर चक्क 'पेरा' म्हणतात. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून जो वारा सुटतो त्याला तिकडे 'कास्काझी' म्हणतात. त्या वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची आणि अरबस्तानातली गलबतं शेकडो वर्षं तिकडे जात होती, वारा फिरला की परत येत होती. मालाबरोबर शब्दही उतरवले गेले. घोळ असा, की अर्धी भाषा ओळखीची निघाली की माणूस उरलेली अर्धीही घरचीच समजून वापरू लागतो.

पहिल्याच दुपारी मी बुबुबू नावाच्या गावाला जायला दालादालात बसलो. (गावाचं नाव मी रचलेलं नाही, नकाशात पाहा.) दालादाला म्हणजे आपल्या वडापची सख्खी बहीण. वीस माणसांच्या जागेत तीस माणसं आणि दारात लोंबकळणारा कंडक्टर. मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "ओ दादा, बुबुबू आलं की सांगा हं!"

गाडी हसली. म्हणजे माणसं हसलीच, पण एवढी हसली की गाडीही हलली. शेजारच्या कॉलेजकुमाराने इंग्रजीत समजावलं, की स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. एका मिशाळ, घामेजलेल्या, दाराला एका हाताने लटकलेल्या माणसाला मी भर गाडीत 'ओ ताई' म्हणून हाक मारली होती.

"मग भावाला काय म्हणतात?"

"काका."

"आणि मामा?"

"आई."

"बाबू?"

"आजोबा."

मी घाबरत घाबरत विचारलं, "बाबा?" तो म्हणाला, वडील. चला, बाबा तेवढे बाबाच राहिले. त्यानंतर पोलीस दिसला की 'मामा' म्हणायची माझी ऊर्मी मी दात आवळून दाबत असे. पण खरी परीक्षा दाराजानी बाजारात झाली. काळ्या बुईबुईतल्या (म्हणजे तिकडच्या बुरख्यातल्या), वयाने माझ्याएवढ्या, अतिशय खानदानी दिसणाऱ्या लवंगवालीला रीतसर हाक मारायची तर 'दादा' म्हणायला हवं. माझी जीभच वळेना. शेवटी डोळे मिटून म्हटलं. तिने वजनात दोन लवंगा जास्त टाकल्या.

नमस्काराचं प्रकरण याहून लांब आहे, कारण ते मुळातच लांब असतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि डोंबिवलीच्या शिस्तीत बोललो, "पाणी. किती?" स्वाहिलीत अर्थात. पाण्याला 'माजी' म्हणतात, किमतीला 'बेई गानी?' दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माझ्या घरात नुकतंच काही वाईट झालंय आणि म्हणून मला भान नाही. मग तोच हळुवारपणे म्हणाला, "हबारी?" म्हणजे काय खबर? मग घरची काय खबर, कामाची काय खबर, मुलांची काय खबर, सकाळची काय खबर. प्रत्येक खबरीला उत्तर एकच, 'न्झुरी'. छान. मला हे ठाऊक नव्हतं. मी प्रामाणिकपणे सांगू लागलो, की रात्री मसालेदार खाल्ल्यामुळे पोटात आग पडलीय. तर त्याचा चेहरा पडला. आधी 'न्झुरी' म्हणायचं असतं आणि मग पोटाबद्दल बोलायचं. माणूस तापाने फणफणला असला तरी पहिलं उत्तर 'छान', ताप त्याच्या नंतर. मग मी सगळ्या खबरी उलट त्याला विचारल्या, तो सगळ्यांना छान म्हणाला, आणि सातव्या मिनिटाला मला पाण्याची बाटली मिळाली. तीही 'मला हवंय' म्हणून मागायची नसते. 'नाओंबा', म्हणजे विनंती करतो, असं म्हणून मागायची. सात मिनिटांत डोंबिवलीहून माझ्या दोन लोकल सुटतात.

तरुण पोरांचं वेगळंच. ती "मांबो?" म्हणजे काय चाललंय, असं म्हणतात आणि त्यावर "पोआ", म्हणजे मस्त, म्हणायचं. पहिले दोन दिवस मला वाटत होतं ती मला पोहे खाणार का विचारतायत. 'जांबो', म्हणजे नमस्कार, मात्र कुणी म्हणालं तर समजून जावं, की आपल्या कपाळावर 'पर्यटक' लिहिलेलं त्याने वाचलंय. मागोमाग मसाल्याच्या बागेची सहल येतेच. असं मागे लागणाऱ्या मंडळींना तिथले लोक 'पपासी' म्हणतात. पपासी म्हणजे गोचीड. पण गंमत अशी, की गोचिडालाही तिथे आधी घरची खबर विचारायची आणि मग 'असांते', म्हणजे आभारी आहे, म्हणून सुटका करून घ्यायची. नुसतं तोंड फिरवून चालू लागणं हे गोचिडापेक्षा वाईट समजतात.

तिसऱ्या दिवशी गल्लीत गणवेशातली चार पोरं समोर आली आणि एका सुरात म्हणाली, "शिकामो!" मला गहिवरून आलं. परक्या मुलखात एवढी विद्येची आवड! मी हात उंचावून मराठीत आशीर्वाद दिला, "शिका, शिका! खूप शिका!" पोरं बिचकून पळाली.

घरी आजींना सांगितलं. या आजींना सगळे 'बिबी' म्हणत, बिबी म्हणजे तिकडे आजीच. त्या हसून हसून बेजार झाल्या. 'शिकामो' म्हणजे मी तुमचे पाय धरतो. 'शिका' म्हणजे धरणे. वयाने मोठ्या माणसाला हे म्हणायचंच असतं, आणि मोठ्याने त्यावर 'मराहाबा' म्हणायचं. म्हणजे आपलं 'पाया पडतो' आणि 'औक्षवंत हो'. वाकायचं मात्र नाही, त्यामुळे कंबरेला सोपं. मी लगेच बिबींना शिकामो घातला. त्या 'मराहाबा' म्हणाल्या आणि त्या दिवसापासून माझ्या चहात आलं पडू लागलं. हा शब्द मनापासून आवडला मला. फक्त दुसऱ्या दिवशी टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या एका गृहस्थाने मला अदबीने शिकामो घातला, तेव्हा मी तिठ्यावर बराच वेळ नुसता उभा राहिलो. आरसा माणूस टाळू शकतो. शिकामो कसा टाळणार?

आता होडी.

धक्क्यावरच्या नावाड्याशी मी चांगुऊ बेटावर जायचं ठरवलं होतं. या बेटावर तुरुंग म्हणून बांधलेली इमारत आहे आणि सेशेल्सहून आणलेली अजस्र कासवं आहेत. नावाडी म्हणाला, उद्या 'सा म्बिली'. मला आकडे येत होते. मोजायला सुरुवात करायची तर पहिला आकडाच 'मोजा', मग म्बिली, म्हणजे दोन. दोन वाजता. छान, जेवून निघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी अंघोळीला बसलोय, बिबी बाजारात गेल्यात, आणि खाली दारातून आवाज, "होडी!" मी मनात म्हटलं, काय माणूस आहे! दोनची होडी आणि आठला आठवण करायला आला. पुन्हा, "होडी!" मी वरूनच मराठीत ओरडलो, "हो हो, लक्षात आहे!" तिसऱ्यांदा, "होडी!" मग शांत झालं. दोन वाजता धक्क्यावर गेलो तर ना नावाडी, ना होडी.

संध्याकाळी बिबींनी उलगडा केला. एक, 'होडी' म्हणजे होडी नव्हे. कुणाच्या दारात गेलं की कडी वाजवत बसायचं नाही, 'होडी' म्हणून हाक द्यायची, आतून 'करिबू', म्हणजे या, असं आलं तरच उंबरा ओलांडायचा. तीन हाकांत उत्तर आलं नाही तर न रागावता निघून जायचं. खरं तर ती दारं बघितली की कडी वाजवायचं धाडसच होत नाही. कोरीव चौकट आणि वर पितळी खिळे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला असतात त्या जातीचे, पण शोभेचे. खिळे आपल्याकडचे, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. झांझिबारला हत्ती नाहीत.

दोन, आठ म्हणजेच दोन. त्यांचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्य बाराही महिने सहाच्या आसपास उगवतो, म्हणून सात वाजले की एक, आठला दोन, भर दुपारी बाराला सहा. बिबींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. छोटा काटा दाखवतो त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा, झालं. माझ्या आजीला हे एका मिनिटात पटलं असतं, तिच्या पंचांगातल्या घटिकाही सूर्योदयापासूनच मोजायच्या. मी मात्र रेल्वेच्या घड्याळावर वाढलेला. म्हणजे नावाडी दिलेल्या वेळेला, दिलेल्या ठिकाणी, रीतीप्रमाणे तीन हाका मारून गेला होता आणि मी त्याला साबणाच्या फेसातून 'लक्षात आहे' सांगितलं होतं. (कासवं मी दुसऱ्या दिवशी पाहिली. त्यांना घाई नव्हती.)

जिना उतरताना मी एकदा घसरलो तेव्हा बिबी, शेजारीण आणि रस्त्यावरचा नारळवाला असे तिघे एकदम म्हणाले, "पोले!" मी म्हटलं, अहो, तुमची काय चूक? 'पोले' ही माफी नव्हे. 'लागलं का रे बाबा' असं काहीसं. घसरलेल्याला पोले, आजाऱ्याला पोले, प्रवासाहून आलेल्याला पोले, नुसतं काम करत असलेल्यालाही पोले. आठ दिवसांत मला जितके पोले मिळाले तितकी सहानुभूती ऑफिसात सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती. एक पोले माझ्या बर्म्युडालाही मिळाला. गुडघे उघडे टाकून गावात हिंडू नये हे बिबींनी तोंडाने सांगितलं नाही, त्यांनी फक्त माझ्या खोलीत एक किकोई, म्हणजे लुंगी, घडी घालून ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनीसाठी कांगा घेतला. कांगा म्हणजे तिथल्या बायकांचं जोडीने मिळणारं छापील सुती कापड. लाल-काळं, ठसठशीत, काठाला नक्षी आणि खाली एक ओळ छापलेली. मी रीतसर सगळ्या खबरी विचारून, नाओंबा म्हणून, भाव उतरवून घेतला आणि मिरवत बिबींना दाखवला. त्यांनी ओळ वाचली आणि तोंडाला पदर लावला. कांग्यावरची ओळ हे बोलणंच असतं. जे शेजारणीला, सवतीला, सासूला तोंडावर म्हणता येत नाही ते बाई कापडावर नेसून समोरून जाते.

"काय लिहिलंय?"

"हसिदी हाना सबाबू."

'सबाबू' मला लगेच कळलं. सबब! 'सबब अर्ज मंजूर व्हावा'मधली सबब. हसिदी म्हणजे हेवा करणारा. हेवा करणाऱ्याला सबब लागत नाही.

"पोले," बिबी म्हणाल्या.

दुकान बंद झालं होतं आणि बोट सकाळची होती, त्यांच्या घड्याळाने एकची. वहिनीला कांगा फार आवडला. एवढं छान कापड कपाटात कशाला, म्हणून तिने दाराला पडदा लावलाय, ओळ बाहेरच्या बाजूला. काय लिहिलंय विचारलं तेव्हा मी 'सुस्वागतम' सांगितलं. समोरच्या काकू जाता-येता कौतुकाने वाचतात. त्यांचा जावई नैरोबीला असतो. गणपतीला येणार आहे.